वादळात नांगर कुठे टाकायचा: ख्रिस्ती विश्वासात नव्याने पाऊल टाकणाऱ्यांसाठी

फेब्रुवारीतला सोमवार होता, सकाळी सव्वादहाला एचआरने केबिनमध्ये बोलावलं आणि पावणेअकराला मी पार्किंगमध्ये बाईकवर बसून होतो, हातात लिफाफा, आणि किल्ली कुठल्या खिशात आहे तेच आठवेना. कंपनीचं नाव घेत नाही, त्यात आता काही अर्थ नाही. चिंचवडला टू बीएचके, त्याचा हप्ता अजून बरीच वर्षं बाकी, मुलगी सातवीत. बायकोला काय सांगायचं ते सुचेना म्हणून आईला फोन लावला, ती नगरला असते (आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय). तिने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न काय विचारला, तर "जेवलास का रे?" सकाळी पावणेअकराला! मग म्हणाली थांब, प्रार्थना करू, आणि फोनवरच सुरू झाली, मागे कुकरच्या शिट्ट्या चालूच.

मी जन्माने ख्रिस्ती आहे पण चर्च म्हणजे नाताळ, ईस्टर, लग्न आणि मयत एवढंच होतं, बाकी आईचं खातं. त्यामुळे नवखा म्हणाल तर मीही नवखाच, फक्त तुमच्यापेक्षा दीड वर्ष आधी सुरुवात केलेला. मला त्या दिवसांत कोणीतरी साध्या भाषेत सांगायला हवं होतं की उद्या नेमकं काय करायचं, ते कोणी सांगितलं नाही, म्हणून लिहितोय. पंडित कोणी नाही मी, चुकलं तर आपल्या पास्टरना नाहीतर फादरना विचारा.

आधी एक गोष्ट, मग सुरुवात

बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये म्हणून पुस्तक आहे, त्याचा २७ वा अध्याय आजच वाचून काढा, दहा मिनिटं लागतात. पौल, म्हणजे येशूचा संदेश सांगत फिरणारा प्रेषित, कैदी आहे, त्याला जहाजातून रोमला नेतायत, वाटेत वादळ लागतं आणि ते थांबतच नाही. किती दिवस ऊन नाही, रात्री तारे नाहीत, म्हणजे आपण कुठे आहोत हे कळायचा मार्गच बंद, कारण तेव्हाचा जीपीएस तोच. चौदाव्या रात्री खलाशांना वाटतं जमीन जवळ आलीये, खडकावर आपटू या भीतीने ते जहाजाच्या मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडायची वाट बघत बसतात. (आम्हा नगरवाल्यांना नांगर म्हटलं की शेतातला आठवतो, जहाजाचा नांगर मी पहिल्यांदा भाऊच्या धक्क्यावर बघितला.)

पौलाने त्यांना आधीच काय सांगितलेलं ते नीट बघा. जहाज जाईल, माणसं वाचतील. आणि तसंच झालं, जहाजाचे तुकडे झाले आणि २७६ च्या २७६ माणसं माल्टा बेटावर पोचली, कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, कोणी सापडेल त्या तुकड्यावर.

मला हे दोन महिन्यांनी कळलं की मी देवाकडे जहाज मागत होतो. तीच नोकरी, तोच पगार, तीच गाडी. ख्रिस्ती विश्वासात जी खात्री मिळते ती जहाजाची नाहीये, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण यूट्यूबवर जहाजाची गॅरंटी देणारे भरपूर आहेत. मराठी बायबलमध्ये इब्री लोकांस पत्राच्या ११ व्या अध्यायात विश्वास म्हणजे काय ते सांगताना भरवसा आणि खातरी असे दोन शब्द येतात. खातरी आपल्याला माहितीये, गॅसवाल्याने सिलेंडर दिला की नाही याची करून घेतो ती. भरवसा माणसावर असतो. पोहायला शिकवताना बाप पोराच्या पोटाखाली हात धरतो, पोराला विहीर किती खोल आहे ते कुठे ठाऊक असतं, त्याला हात कोणाचा आहे ते ठाऊक असतं.

तर खलाशांसारखेच मलाही चार नांगर उपयोगी पडले. क्रमाने टाकायची गरज नाही, पण पहिला मात्र पहिलाच टाका.

पहिला नांगर: वचन

ख्रिस्ती लोक वचन म्हणतात ते बायबलमधल्या ओळींना, किंवा सगळ्या बायबललाच. आधी एक छापील प्रत घ्या. बायबल सोसायटीची मराठी प्रत महाग नसते, चर्चमध्ये मागितली तर बऱ्याचदा तशीच देतात. भाषा जरा जुनी वाटेल, पंधरा दिवसांत सवय होते. सोपी भाषा हवी असेल तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, त्यांचं सुबोध बायबल बघा. फोनवर ॲपमध्येही मराठी बायबल फुकट मिळतं आणि ऐकायलाही मिळतं, पण फोन उघडला की आधी व्हॉट्सॲप उघडतं, म्हणून छापीलच बरं. तसं मराठीत हे आजचं नाहीये, नवा करार १८११ सालीच श्रीरामपूरला छापला गेला होता, बंगालमधलं श्रीरामपूर हं, आमच्या जिल्ह्यातलं नव्हे.

सुरुवात कुठून करायची? बहुतेक जण पहिल्या पानापासून करतात. उत्पत्ती छान जाते, निर्गम अर्धं जातं, मग लेवीयमध्ये याजकांचे नियम आणि बळींचे प्रकार सुरू झाले की पुस्तक कपाटात जातं ते जातंच. माझं दोनदा झालंय. तुम्ही मार्कपासून करा, चार शुभवर्तमानांत (येशूचं आयुष्य सांगणारी पुस्तकं) सगळ्यात लहान, १६ अध्याय, रोज एक. त्याच्याबरोबर रोज एक स्तोत्र, स्तोत्रसंहितेत १५० आहेत, पण आधी २३, २७, ४६ आणि १२१ घ्या.

वाचायचं कसं तर हळू. मार्कच्या चौथ्या अध्यायाच्या शेवटी वादळ आहे, येशू होडीत मागच्या बाजूला झोपलाय, आणि मार्क सांगतो की डोक्याखाली उशी होती. बाकीचे शुभवर्तमानकार उशीचं काही सांगत नाहीत. मी त्या उशीवर दोन दिवस अडकलो होतो, कारण मला तेव्हा उशीवर डोकं टेकवलं की पहाटेचे तीन वाजेपर्यंत हिशोब सुरू व्हायचे. शिष्य त्याला उठवतात तेही काही भक्तिभावाने नाही, सरळ तक्रार करतात की आम्ही बुडतोय आणि तुला काही पडलेली नाही का! आणि येशू मार्कमध्ये आधी वारा थांबवतो, मग विचारतो की एवढे का घाबरलात. आधी मदत, मग बोलणं. (मत्तयमध्ये क्रम उलटा आहे, तिथे आधी विचारतो, दोन्ही शेजारी ठेवून वाचा, मजा येते.)

एक सवय मात्र लावून घेऊ नका, डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते आजचं वचन म्हणायचं. सकाळी ग्रुपवर येणारी सूर्योदयाच्या फोटोवरची वचनं पण जपून. यिर्मया २९:११ (म्हणजे यिर्मयाच्या पुस्तकातला २९ वा अध्याय, ११ वी ओळ) तुम्हाला शंभर वेळा फॉरवर्ड होऊन येईल, तुमच्याविषयी माझ्या योजना हिताच्या आहेत अशा अर्थाचं. सुंदर आहे, खरं आहे. पण वरची ओळ कोणी पाठवत नाही, तिथे लिहिलंय सत्तर वर्षं! ते पत्र बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला नेलेल्या यहूदी कैद्यांना आहे आणि त्याच पत्रात देव त्यांना सांगतो की तिथेच घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, पोरांची लग्नं करा. म्हणजे बॅगा भरून बसू नका. ते सगळं धरून वाचलं की त्या वचनाला वजन येतं.

दुसरा नांगर: प्रार्थना, आणि ती जशी आहे तशी

इथे नवखे सगळ्यात जास्त घाबरतात. पास्टर कसे छान बोलतात, हे दयाळू स्वर्गीय पित्या वगैरे, आपल्याला ते शब्द येत नाहीत. नको यायला. स्तोत्र १३ उघडा, फक्त सहा ओव्या (बायबलमधल्या क्रमांकाच्या ओळी). पहिल्या दोन ओव्यांत दावीद राजा चार वेळा एकच विचारतो, कुठवर? कुठवर विसरणार, कुठवर तोंड लपवणार. ही प्रार्थना आहे आणि ती बायबलमध्ये छापलीये, म्हणजे देवाला चालते.

मी ते स्तोत्र साचा म्हणून वापरायला लागलो. आधी तक्रार, मग मागणं, मग भरवशाचं एक वाक्य, ते नाही आलं तर नाही. वहीत लिहायचो, शंभर पानी साधी वही, मुलीच्या शाळेची उरलेली. एक दिवसाचं तसंच्या तसं देतो:

"प्रभू, आज खात्यात एक्केचाळीस हजार आहेत आणि पाच तारखेला सव्वीस जाणार. रात्री झोप नाही. त्या मॅनेजरचा राग येतो आणि तो राग जावा असं मला वाटतही नाही, खरं सांगतो. आज त्या चाकणच्या माणसाचा फोन येऊ दे. नाही आला तर संध्याकाळी पोरीवर ओरडू देऊ नकोस. आमेन."

फोन नाही आला. ओरडलो मात्र नाही, म्हणजे त्या दिवशी नाही.

तोंडपाठ एकच प्रार्थना करा, येशूने शिकवलेली, मत्तय ६ मध्ये आहे, मराठी चर्चमध्ये लहान मुलांना सुद्धा येते. तिच्यात रोजची भाकर आज दे असं मागणं आहे. मराठी भाषांतरात ब्रेड नाही, पोळी नाही, भाकर! आणि आजची. रानात इस्राएल लोकांना मान्ना (देवाने आकाशातून दिलेलं अन्न) मिळायचा तोही रोजचा रोज, ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी साठवला त्याला किडे पडले, निर्गम १६ मध्ये आहे. माझं डोकं मात्र पुढच्या मार्चची भाकर आज मागत होतं. म्हणून मी एक बारीक नियम केला की सकाळी प्रार्थनेत फक्त आज रात्री झोपेपर्यंतचं मागायचं. लहान वाटतं पण करून बघा, अर्ध्या चिंता त्या चौकटीत बसतच नाहीत.

आईचं बायबल मी याच काळात पहिल्यांदा नीट बघितलं. काळं रेक्झिनचं कव्हर, रबरबँड लावलेला, आत रेशनकार्डाची झेरॉक्स, एलआयसीची पावती, कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका. आणि समासात बॉलपेनने तारखा. स्तोत्र ४६ शेजारी बाबांच्या बायपासची तारीख, त्याखाली डिस्चार्जची. म्हणजे मागितलं ती एक तारीख, मिळालं ती दुसरी. काही ठिकाणी एकच तारीख आहे, त्यातली एक माझ्या बहिणीची, वीस वर्षं जुनी. मी विचारलं याचं काय गं? तर म्हणाली, असू दे, खाली जागा ठेवलीये.

तुम्ही पण तारखा टाका. सहा महिन्यांनी आपणच काय मागितलं होतं ते विसरतो.

तिसरा नांगर: माणसं

घरी बसून ऑनलाइन उपासना बघता येते, मीही दोन महिने तेच केलं कारण चर्चमध्ये गेलो की "सध्या कुठे आहात?" हा प्रश्न येणार. जायला लागलात की कळतं की तिथे निम्म्या लोकांचं काही ना काही फुटलेलं असतं.

नवीन माणसाला काय काय दिसेल ते सांगतो, म्हणजे बावरायला होणार नाही. मराठी प्रोटेस्टंट चर्चमध्ये रविवारची उपासना साधारण दीड-दोन तासांची. कुठे चपला बाहेर काढतात, कुठे नाही, दारात बघा आणि तसं करा. बऱ्याच बायका प्रार्थनेला डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात, तुमच्यावर सक्ती नाही. गाणी मराठीत, पेटी-तबल्यावर किंवा ऑर्गनवर, आणि तुम्ही जर आजीच्या मांडीवर अभंग-ओव्या ऐकत वाढला असाल तर तिथे घरच्यासारखं वाटेल, कारण रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी येशूची गीतं अस्सल मराठी वळणातच लिहिली. अर्पणाची थैली फिरते, पाहुण्याने काही टाकलंच पाहिजे असं नाही, पुढे सरकवा. शेवटी "नवीन कोणी आलंय का" म्हणून उभं करतात, तो अर्धा मिनिट सगळ्यात अवघड, नाव सांगा आणि बसा. प्रभुभोजन (येशूची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) असेल आणि तुमचा बाप्तिस्मा (पाण्याने ख्रिस्ती दीक्षा) झालेला नसेल तर जागेवर बसून राहा, कोणाला वाईट वाटत नाही. कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा (त्यांची उपासना) असते, तिथेही रांगेत लागण्याआधी फादरना विचारा. वसईत मराठीत मिस्सा सहज मिळेल.

बाप्तिस्म्याची घाई करू नका आणि कोणी तुम्हाला घाई केली तर त्याचंही ऐकू नका. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंचा झाला तो १९०० साली. नवरा ख्रिस्ती झाला तरी त्या पाच वर्षं आपल्या वेळेने, आपल्या शंकांशी भांडत आल्या. शंका घेऊन येणारे तुम्ही काही पहिले नाही, मार्कच्या ९ व्या अध्यायात एक बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवायला मदत कर, एका श्वासात दोन्ही! आणि त्याचं काम होतं.

रविवारपेक्षा मला जास्त आधार झाला तो घरच्या प्रार्थनासभेचा, कॉटेज मीटिंग म्हणतात आमच्याकडे. दहा-बारा माणसं, कोणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजी, दोन गीतं, एक वचन, प्रार्थना, चहा-पोहे. तिथे एक काका भेटले, एसटीत कंडक्टर होते, रिटायर. त्यांनी मला एकही उपदेश केला नाही. म्हणाले दर गुरुवारी चहाला येतो तुझ्याकडे. आणि आले, सलग अकरा गुरुवार, कधी पिशवीत पेरू, कधी नुसतेच, अर्धा तास बसायचे, गाडीच्या जुन्या रूटच्या गोष्टी सांगायचे, जाताना दोन वाक्यांची प्रार्थना. गुरुवार आला की मला दाढी करावी लागायची. हसू नका, त्या दिवसांत दाढी करायला कारण लागतं.

कुठून पळायचं तेही सांगतो. अमुक रुपयांचं बीज पेरा, शंभरपट मिळेल असं स्टेजवरून सांगणारे, गोळ्या बंद करा तरच चंगाई (देवाकडून बरं होणं) मिळेल म्हणणारे, आणि तुमचं दुःख तुमच्या पापामुळेच आलंय असं पहिल्याच भेटीत सांगणारे. यांच्याकडे परत जाऊ नका. शुगरची, बीपीची, डिप्रेशनची गोळी चालू ठेवून प्रार्थना करता येते. जगणंच नको असे विचार येत असतील तर पास्टरच्या आधी डॉक्टर, आणि रात्री-अपरात्री कोणी नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं.

चौथा नांगर: हातातलं काम

एलीया मोठा संदेष्टा, पण १ राजे १९ मध्ये तो झुडपाखाली बसून देवाला म्हणतो की पुरे झालं, मला मरू दे. देव काय करतो? दूत पाठवतो, आणि दूत काय म्हणतो, तर ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. खातो, परत झोपतो. दूत परत उठवतो, परत खायला घालतो. बोलणं सगळं नंतर. पौल पण जहाजावर तेच करतो, चौदा दिवस पोटात अन्न नसलेल्या सगळ्यांसमोर भाकर घेतो, आभार मानतो, मोडतो आणि खायला लागतो, ते बघून बाकीचे खातात. मी हे वाचलं तेव्हा आईचं पार्किंगमधलं "जेवलास का" डोक्यात वाजलं. तिने मुद्दाम नव्हतं केलं, तिला विचारलं तर म्हणाली मग काय विचारणार होते?

तर विश्वास धरला म्हणून रेझ्युमे देव पाठवत नाही. सकाळी प्रार्थना, त्यानंतर लगेच त्या दिवसाचं एक काम, जे सगळ्यात टाळताय ते. माझं होतं बँकेत जाऊन हप्त्याबद्दल बोलणं, तीन आठवडे टाळलं होतं. वाटेत स्तोत्र १२१ म्हणत गेलो, हात थरथरत होते, बोललो. सगळं नाही पण थोडं जमलं. झोप, जेवण, चालणं, हे पण याच नांगरात धरा.

आणि वादळ थांबलंच नाही तर?

पंडिता रमाबाई आपल्या सगळ्यांना शाळेच्या पुस्तकातून माहितीयेत, पण त्यांच्या आयुष्यातल्या मयतांची यादी कोणी करत नाही. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा, पदरात लहान मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याने पुढचं आयुष्य सोपं झालं नाही, टीका झाली ती वेगळीच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली केडगावला घेऊन आल्या, दौंडजवळचं केडगाव, त्यांचं मुक्ती मिशन आजही आहे तिथे. मग १९२१ मध्ये मनोरमाही गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर संपवत होत्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, भाषांतर छापून आलं १९२४ मध्ये. मुलगी गेल्यावर त्या टेबलाशी परत कशा बसल्या असतील याचा मी बऱ्याचदा विचार करतो.

दानीएलच्या तिसऱ्या अध्यायात तीन तरुण भट्टीसमोर उभे राहून राजाला सांगतात की आमचा देव वाचवायला समर्थ आहे, आणि नाही वाचवलं तरी तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. ते "नाही वाचवलं तरी" माझ्या तोंडून अजून नीट निघत नाही. येशूने स्वतः गेथशेमाने बागेत हा प्याला, म्हणजे समोर आलेलं दुःख आणि मरण, टळू दे म्हणून मागितलं आणि तो टळला नाही. तुमची प्रार्थना कोरडी होईल, आठवडाभर काही वाटणार नाही, तेव्हा नवीन काही शोधू नका, आईसारखं जुनंच स्तोत्र परत वाचा आणि तारीख टाका.

माझं म्हणाल तर सात महिन्यांनी काम मिळालं, पगार जवळपास एक तृतीयांश कमी, गाडी विकली, मुलीचा डान्स क्लास बंद झाला. फळीवरून किनाऱ्याला लागलो म्हणा. घरात रोज रात्री तिघं मिळून एक स्तोत्र वाचतो, हे आधी कधी नव्हतं.

पहिल्या आठवड्यात एवढंच करा

आज रात्री प्रेषितांची कृत्ये २७. उद्यापासून रोज सकाळी पंधरा मिनिटं, मार्कचा एक अध्याय, एक स्तोत्र, वहीत चार ओळी, वर तारीख. बातम्या आणि शेअर बाजार त्यानंतर. आठवड्यात एका माणसाला खरं सांगा की बरं चाललेलं नाही. टाळलेलं एक काम करा. एखादी सकाळ चुकली तर दुप्पट वाचून भरून काढू नका, पुढच्या दिवसापासून चालू ठेवा.

आणि रविवारी पहिल्यांदा चर्चला जाणार असाल तर दहा मिनिटं आधी पोचा, मागच्या बाकावर भिंतीकडची जागा धरा, फोन सायलेंट करा. उपासना नऊला सुरू होते म्हणतात पण अकरा वाजेपर्यंत सोडत नाहीत, म्हणून घरून काहीतरी खाऊन निघा.